निकालाचा कागद येण्याआधी

शाळेच्या मैदानात दोन दोऱ्या ताणल्या होत्या. एका दोरीच्या बाहेर शिडीवाले, दुसरीच्या बाहेर किटलीवाले, आणि मधल्या चिंचोळ्या बोळात माझी लेक. हातात काठी आणि डोक्यावर कानांपर्यंत उतरणारी टोपी. पोलिसात लागून तिला जेमतेम वर्ष होत होतं. त्या बोळात तिच्यासारखे आणखीही शिपाई उभे होते, पण बापाच्या डोळ्यांना एवढे सगळे दिसत नाहीत. मला ती एकटीच दिसत होती.

घरी आम्ही तिला चिमणी म्हणतो. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून नाव पडलं. पुढे ती माझ्याहून वीतभर उंच झाली, तरी नाव तेच राहिलं. त्या दिवशी तिला पहाटेच ड्यूटीवर बोलावलं होतं आणि माझी सुट्टी होती, म्हणून मी डबा घेऊन आलो होतो. डबा द्यायचा आणि घरी जाऊन ताणून द्यायची असा बेत होता. पण मैदानात पाऊल टाकलं आणि पाय तिथेच रुतला.

मी बसचा ड्रायव्हर आहे. गर्दी मला कळते. स्टँडवरची गर्दी ढकलते, शिव्या देते, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते, पण तिला कुठेतरी जायचं असतं. एकदा गाडी आली की ती शहाण्यासारखी बसते. या गर्दीला कुठेच जायचं नव्हतं. सकाळपासून उन्हात उभी राहून ती नुसती तापत होती.

त्या वर्षी देशाची आणि राज्याची निवडणूक एकदम आली होती. मतमोजणीही एकाच दिवशी, एकाच शाळेत. देशाची मतं वरच्या मजल्यावर मोजत होते, राज्याची खालच्या सभागृहात. आता गंमत अशी की देशासाठी शिडी आणि किटली या निशाण्यांच्या दोन पक्षांची युती होती, सोबत आणखी चार-पाच लहानसहान पक्ष. आणि राज्यासाठी हेच दोघे एकमेकांच्या उरावर बसलेले. म्हणजे वरच्या मजल्यावर गळ्यात गळे आणि खालच्या मजल्यावर गळ्याला हात. हे कसं काय जमतं असं मी आमच्या डेपोतल्या एका शिडीवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, तुला राजकारण कळत नाही. ते खरंच असेल. मला फक्त एवढं कळतं की एक गाडी एकाच वेळी दोन गावांना जात नाही.

सकाळी वरच्या मजल्याचा निकाल लागला. युती जिंकली. मैदानात दोन्हीकडची माणसं एकमेकांना मिठ्या मारून नाचली. बँडही दोघांनी मिळून एकच ठरवला होता. नाचून झाल्यावर पोलिसांनी दोऱ्या ताणल्या, मिठ्या मारलेली माणसं दोन बाजूंना झाली आणि खालच्या मजल्याची वाट बघू लागली. बँडवाले बिचारे कुठल्या बाजूला उभं राहावं या पेचात पडले. शेवटी ते फाटकाजवळच्या नळापाशी जाऊन बसले.

प्रत्येक फेरीचा निकाल शाळेच्या गच्चीवरच्या कर्ण्यातून ऐकू येत होता, आणि कर्ण्यातला आवाज माझ्या बायकोचा होता.

हिला अख्खं गाव सूचनाबाई म्हणून ओळखतं. चेहरा फारसा कुणाला ठाऊक नाही, पण आवाज पोराटोरांना पाठ. बसस्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते हे ती सांगते. मीसुद्धा तिला बघायच्या आधी ऐकलं होतं. नोकरीला नवा लागलो तेव्हा माझी गाडी स्टँडात वळली की मी ब्रेक दाबायच्या आधी त्या आवाजात माझ्या गाडीचं नाव यायचं. मला वाटायचं, ही बाई माझ्याच वाटेकडे डोळे लावून बसलेली असते. लग्नानंतर कळलं की ती सगळ्याच गाड्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

ती तिची कामाची रीत होती. नियम असा की गाडी लागली की कंट्रोलरने चिठ्ठी लिहायची, ती शिपायाने काचेच्या खोलीत पोचवायची, मग सूचना द्यायची. चिठ्ठी पोचेपर्यंत गाडी भरून निघूनही जाते हे कंट्रोलरलाही ठाऊक होतं. म्हणून ही काचेतून बघायची. गाडीचं नाक ज्या फलाटाकडे वळलं, तो फलाट ही सांगून मोकळी. चिठ्ठी मागाहून येऊन पडायची. इतक्या वर्षांत तिचा अंदाज चुकला नाही, आणि आम्ही ड्रायव्हर लोकांनी कौतुक करून करून तिला आणखी चढवून ठेवलं होतं. दर सूचना ती दोनदा द्यायची, एकाच सुरात. घरात भांडतानाही तिला दोनदा बोलायची खोड आहे, पण तो सूर वेगळा असतो.

मोजणीसाठी स्वच्छ आवाजाचं माणूस हवं म्हणून निवडणूक कचेरीने तिला दिवसभरासाठी मागून घेतलं होतं. सभागृहाच्या मागे, स्नेहसंमेलनाच्या वेळी माइकवाला बसतो त्या उंचावरच्या खोलीत तिची सोय केली होती. खोलीला एक काच सभागृहाच्या बाजूने आणि एक मैदानाच्या बाजूने. हुबेहूब तिची स्टँडवरची खोली. आतल्या काचेतून फळ्यावर लिहिलेले आकडे दिसायचे, बाहेरच्या काचेतून दोऱ्या. म्हणजे चिमणी तिलाही दिसत होती.

फेऱ्या पुढे सरकत होत्या. शिडीचे उमेदवार दातांचे डॉक्टर होते आणि किटलीच्या उमेदवार शाळेत गणित शिकवलेल्या बाई. निम्म्या गावाचे दात एकाने उपटलेले, निम्मं गाव दुसरीने नापास केलेलं. कधी डॉक्टर पुढे, कधी गणिताच्या बाई. प्रत्येक सूचनेनंतर एका बाजूने आरोळी उठायची आणि दुसऱ्या बाजूने एक पाऊल पुढे यायचं. दोरी बोळाच्या आत दबत होती. चिमणी काठी आडवी धरून ती मागे रेटायची. दोन्हीकडून तिच्या कानाशी ओरडत होते आणि ती समोर कुठेतरी बघत होती, लहानपणी इंजेक्शन घेताना बघायची तशी. माझ्या हातातला डबा कधीच गार झाला होता.

दुपार कलली तेव्हा शेवटची फेरी सुरू झाली. मैदान इतकं गप्प झालं की गच्चीवरच्या कर्ण्याची खरखर ऐकू येऊ लागली. मग ही बोलली. शेवटची फेरी पूर्ण, शिडी पक्षाचे उमेदवार दोनशे चौदा मतांनी विजयी. पुन्हा एकदा, त्याच सुरात, शिडी पक्षाचे उमेदवार दोनशे चौदा मतांनी विजयी.

शिडीवाल्यांनी जे काही केलं त्याला नाचणं म्हणता येणार नाही. माणसं एकमेकांवर पडत होती. डॉक्टरांना कुणीतरी खांद्यावर उचललं. नळापाशी बसलेल्या बँडवाल्यांना ओढून आणलं. किटलीवाले मात्र जमिनीवर बसले. बरीच माणसं चपला शोधून घराकडे निघाली. चिमणीच्या साहेबांनी बोळातले निम्मे शिपाई काढून मिरवणुकीच्या रस्त्यावर पाठवले. चिमणी राहिली. मी दोरीपाशी जाऊन तिला डबा दिला. तिने तो घेतला आणि टोपी मागे सारून हसली. चला, सुटलो, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

तेवढ्यात सभागृहाच्या दारातून एक माणूस पळत आला. तो गावातला न्हावी. मोजणीच्या टेबलाशी किटलीवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. आमच्यापासून हातभर अंतरावर तो आपल्या माणसांना सांगू लागला. एक पेटी मोजायची राहिली होती. तिच्या सीलवरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळेना, म्हणून दुपारी ती बाजूला काढून ठेवली होती. आता खुलासा झाला होता, दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या होत्या आणि पेटी उघडली होती. पेटी गिरणीमागच्या वस्तीतली होती.

गिरणीमागच्या वस्तीत किटलीशिवाय दुसरं काही चालत नाही. तिथे गणिताच्या बाईंनी दोन पिढ्यांना फुकट शिकवलंय.

मग निकाल सांगितला कसा, असं कुणीतरी विचारलं. न्हावी म्हणाला, अधिकाऱ्यांनी कागदावर सही केलीच नव्हती. फळ्यावर बेरीज लिहिली आणि कर्ण्यातून आवाज आला. आतल्या लोकांनाही तो कर्ण्यातूनच कळला.

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. समोर काच, काचेपलीकडे फळा, फळ्यावर शेवटची बेरीज. गाडीचं नाक फलाटाकडे वळलं होतं. हिचा हात आपोआप बटणावर गेला असणार. माझ्या गाडीत सीटच्या मागे लिहिलंय, अति घाई संकटात नेई. मी ते रोज वाचतो, म्हणजे वाचत नाही.

चिमणीनेही ऐकलं होतं. तिने डबा माझ्या हातात परत दिला.

"बाबा, आईने कागद बघून सांगितलं का?"

तिला तिची आई ठाऊक होती.

"तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "आत्ता जा."

मी गेलो नाही. ती वळून साहेबांना शोधू लागली, पण साहेब मिरवणुकीच्या रस्त्यावर होते. बोळात पाच-सहाजण उरले होते. बसलेले किटलीवाले उठू लागले. निघून गेलेले परत येऊ लागले, आणि येताना आणखी घेऊन येऊ लागले. तोंडोतोंडी बातमी मोठी होत गेली. ‘पेटी राहिली होती’चं ‘लपवली होती’ झालं, ‘लपवली होती’चं ‘बदलली होती’ झालं. तिकडे मैदानातल्या शिडीवाल्यांना कशाचाच पत्ता नव्हता. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत. डॉक्टर खांद्यावर बसून हात जोडत होते आणि बँडने जोर धरला होता. त्यांची मिरवणूक फाटकाकडे जायला बोळ ओलांडून जाणार होती. किटलीवाले त्याच बोळावर येऊन भिडत होते.

मी गच्चीखालच्या त्या काचेकडे बघितलं. उन्हाने काच चमकत होती, आतलं काही दिसत नव्हतं. आत काय चाललंय ते नंतर तिने मला सांगितलं. पेटी मोजून झाली होती. निवडणूक अधिकारी, चांगला माणूस, स्वतः सही केलेला कागद घेऊन तिच्याकडे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने कागदाच्या वरच्या बाजूला एक ओळ लिहून आणली होती. काही तांत्रिक कारणामुळे आधीचा निकाल रद्द समजावा. तुमच्यावर काही येऊ नये म्हणून असं लिहिलंय बाई, असं तो म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. हिने ती ओळ वाचली आणि बाहेरच्या काचेतून खाली बघितलं.

बाहेर मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त कर्णा ऐकू आला.

हिची एक सवय सगळ्या स्टँडला पाठ आहे. नेहमीची सूचना असेल तर बटण दाबते आणि लगेच बोलते. पण फलाट बदलायचा असेल तर बटण दाबून क्षणभर थांबते. कर्ण्यातून नुसती घूं ऐकू येते. ती घूं ऐकली की रोजचे प्रवासी न बोलता पिशव्या उचलतात. फलाट बदलताना माणसं धावतात, पडतात, पोरं हातातून सुटतात. म्हणून आधी त्यांना उभं राहू द्यायचं आणि मग सांगायचं, असं ती म्हणते.

आता कर्ण्यातून ती घूं आली. नेहमीपेक्षा लांब. बँडच्या आवाजातही मला ऐकू आली. आजूबाजूच्या चार-दोन बायकांनी सवयीने पदर खोचले आणि मग आपल्याला कुठे जायचंय हे न समजून इकडेतिकडे बघितलं. मी दोरीखालून वाकून आत शिरलो.

"सर्वांनी कृपया नोंद घ्यावी," ही म्हणाली.

तो सूर स्टँडवरचाच होता, पण तिने आधी निकाल सांगितला नाही. आधी वाटा सांगितल्या. शिडी पक्षाच्या मंडळींनी आहे त्या जागी थांबावं, त्यांची वाट मागच्या लहान फाटकाने आहे. किटली पक्षाच्या मंडळींनी झाडांच्या बाजूला सरकावं. दोऱ्यांमधली जागा मोकळी ठेवावी, तिथे पोलीस उभे आहेत. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवावं. आणि काय सांगू, बँड थांबला. माणसं सरकलीसुद्धा. वर्षानुवर्षं ज्या आवाजाने सांगितल्यावर पाय उचलले त्या आवाजाने सांगितलं, म्हणून पाय उचलले गेले. बोळात हातभर जागा झाली.

मग ती म्हणाली, "एक पेटी मोजायची होती. ती आता मोजली आहे. किटली पक्षाच्या उमेदवार सत्त्याण्णव मतांनी पुढे आहेत. मघाशी मी कागद येण्याआधी फळा बघून निकाल सांगितला. मोजणीत चूक नाही. पेटीत चूक नाही. चूक माझी आहे."

आणि तिने ते दोनदा सांगितलं. सगळं. वाटाही आणि चूकही.

तांत्रिक कारण म्हणाली असती तर काय झालं असतं हे मला कुणी विचारू नये. आत पेटी बदलली असं शिडीवाल्यांनी धरलं असतं आणि आत जाण्याचा रस्ता चिमणीच्या अंगावरून होता. आता त्यांना राग काढायला एक माणूस मिळालं होतं, आणि ते कुठे बसलंय हेही ठाऊक होतं. सगळी गर्दी काचेकडे वळली. किटलीवाल्यांकडे कुणी बघितलंच नाही. सूचनाबाईला बाहेर काढा, असं ओरडणारे बहुतेक चेहरे माझ्या ओळखीचे होते. रोज माझ्या गाडीतून जाणारे.

पहिली चप्पल काचेला लागून खाली पडली. मग बँडवाल्याची काठी गेली, मग कुणीतरी अर्धी वीट उचलली. मी मधे अडकलो होतो, छातीशी डबा धरून, आणि मला पुढे जाता येत नव्हतं. तेवढ्यात बोळातून एक टोपी पळताना दिसली. चिमणी काचेखाली जाऊन उभी राहिली. काठी तिने आडवी धरली होती. तिच्यामागे बाकीचे शिपाई धावले, पण ती आधी पोचली. वीट तिच्या भुवईला लागली.

ती खाली बसली नाही. एका हाताने डोळा दाबला आणि दुसऱ्या हाताने काठी तशीच धरून ठेवली. बोटांमधून रक्त आलं. ते बघून पुढची माणसं थबकली. पोरीचं रक्त बघून थबकली की तिच्या तोंडावरचा भाव बघून, मला माहीत नाही. डॉक्टर अजून खांद्यावरच होते. ते खाली उतरवा, खाली उतरवा म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. शेवटी ते उडी मारूनच उतरले, लंगडत पुढे आले, स्वतःचा रुमाल त्यांनी चिमणीच्या भुवईवर दाबला आणि वळून आपल्या माणसांना म्हणाले, "फेरमोजणी मागू. आत जाऊन मागू. हिला हात लावणाऱ्याचं तोंड मी पुन्हा बघणार नाही."

फेरमोजणी झाली. किटलीच आली, सत्त्याण्णवनेच. संध्याकाळी बँड न वाजवताच घरी गेला. राज्यात पुढे कुणालाच बहुमत मिळालं नाही, आणि आठवड्याभरात शिडी आणि किटली यांनी मिळून सरकार बनवलं. डॉक्टर आणि गणिताच्या बाई एकाच व्यासपीठावर बसलेले मी स्वतः बघितले.

आमच्या घरी मात्र युती झाली नाही. चिमणीच्या भुवईला टाके पडले. ती घरी आली तेव्हा ही स्वयंपाकघरात उभी होती. पुढे झाली, हात लावायला गेली. चिमणीने मान मागे घेतली.

"मी कुठे उभी होते हे तुला काचेतून दिसत होतं ना?"

"दिसत होतं. म्हणून तर खरं सांगितलं."

"ते नंतरचं. आधी, कागद यायच्या आधी बटण दाबलंस, तेव्हाही दिसत होतं ना?"

आयुष्यात पहिल्यांदा ही एकदाही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चिमणी कपडे भरून पोलिसांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. मला फोन करायची, आईला नाही. मी दोघींच्या मधे, दोऱ्यांमधल्या शिपायासारखा. दोघीही बरोबर होत्या, त्याचं काय करायचं?

हिला महिनाभर घरी बसवलं आणि मग स्टँडवर परत बोलावलं. आता ती चिठ्ठी आल्याशिवाय तोंड उघडत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण हिची गेली. गाडी समोर उभी असते, भरून निघायला येते आणि ही चिठ्ठीची वाट बघत बसते. तरी लोकांचं समाधान नाही. सूचना झाली की ते कंडक्टरला विचारतात, ही गाडी नक्की हीच ना? चहाच्या टपरीवर विनोद होतात. सूचनाबाई तीन म्हणाल्या की पाचवर जाऊन उभं राहावं, पेटी मोजायची राहिली असेल. मी ऐकतो आणि ग्लास खाली ठेवून निघतो. कुणाकुणाशी भांडणार? फलाट बदलला तर कुणी जागचं हलत नाही. ड्रायव्हरने स्वतः उतरून हाका माराव्या लागतात. तिच्या आवाजात मला काही फरक वाटत नाही. पण ऐकणाऱ्यांचे कान बदलले त्याला ती काय करणार?

चिमणीची बदली झाली. लांब, डोंगरापलीकडच्या गावी. जायची गाडी माझीच होती. सकाळी ती ट्रंक घेऊन दोन नंबरच्या फलाटावर येऊन बसली. भुवईवर पांढरट व्रण राहिला होता. आईला भेटून आलीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, गाडी किती वाजता आहे? मी गाडी आणायला डेपोत गेलो.

परत येतो तर दोन नंबरवर एक गाडी बंद पडून आडवी उभी. कंट्रोलरने मला पाचवर जायला सांगितलं. मी पाचवर गाडी लावली आणि आरशातून मागे बघितलं. दोन नंबरवर माझे सगळे प्रवासी बसलेले, पिशव्या मांडीवर, पोरं पायाशी. त्यांच्यात चिमणी. वर काचेच्या खोलीत ही. शिपाई चिठ्ठी घेऊन जिना चढत होता. आता ही सांगणार, दोनदा सांगणार आणि कुणी हलणार नाही, मग मी उतरून ओरडणार. मी दाराची कडी काढायला हात घातला.

कर्ण्यातून घूं आली.

अजून ही एक शब्दही बोलली नव्हती. फलाटावर कुणी मान वर केली नाही. फक्त चिमणी उठली. तिने ट्रंक उचलली, बाकड्यांच्या मधून वाट काढली आणि उभ्या गाड्यांकडे बघत चालू लागली. कुठल्या फलाटावर जायचं ते तिला अजून ठाऊक नव्हतं. ते ती चालता चालता ऐकणार होती.

"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी," ही म्हणाली, आणि पाच नंबर सांगितला.

चिमणी पाचवर आली, ट्रंक आत ढकलली आणि माझ्या मागच्या सीटवर खिडकीशी बसली. मी आरशातून बघितलं तर ती वर काचेकडे बघत होती. सूचना दोनदा देतात. मी वाट बघत राहिलो. दुसऱ्यांदा सांगायला हिला बराच वेळ लागला.